वाइन क्लबमध्ये नेमकं काय चालतं? वाइनमधलं काहीच कळत नसेल तर जावं का?

तुमचे दोन प्रश्न आहेत: वाइन क्लबच्या बैठकीत लोक करतात काय, आणि रेड-व्हाइटच्या पलीकडे काही कळत नसेल तर तिथे अवघडल्यासारखं होईल का. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. खुशाल जा. ज्याच्या डोक्यात अजून नावं आणि किमती शिरलेल्या नाहीत, तो ग्लासात जे आहे तेच सांगतो. आमच्या क्लबात नवा माणूस बोलायला लागला की मी आवर्जून लक्ष देऊन ऐकतो.

आता बैठकीबद्दल. प्रत्येक वेळी एक सभासद विषय ठरवतो, बाटल्या आणतो आणि खर्च सगळ्यांत वाटला जातो. बाटली ७५० मिलीची असते आणि चाखायला माणशी ५० मिली पुरते, म्हणजे एका बाटलीत पंधरा जणांचं भागतं. बैठकीला माणसं किती असावीत हे या साध्या गणितावरून ठरवता येतं. एका बैठकीत सहा-आठ वाइन होतात. हलकी आधी, भारी नंतर. कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली, आधी, गोड शेवटी. गोड वाइननंतर कोरडी घेतली तर ती नुसती आंबट लागते, म्हणून हा क्रम मोडायचा नाही.

क्लबमध्ये जाण्याचं खरं कारण माझ्या मते एकच: तिथे ग्लास शेजारी शेजारी असतात. घरी एक बाटली उघडली की आपण ‘छान आहे’ किंवा ‘नाही आवडली’ एवढंच म्हणू शकतो, कारण ती कशाच्या तुलनेत छान हे जिभेला माहीत नसतं. समजा तुमच्यापुढे शार्डने या द्राक्षाच्या व्हाइट वाइनचे दोन ग्लास ठेवले. एक स्टीलच्या टाकीत तयार झालेली, दुसरी ओकच्या पिंपात मुरलेली. दुसरीत बहुधा मॅलोलॅक्टिक प्रक्रियाही झालेली असते, म्हणजे जिवाणूंनी हिरव्या सफरचंदात असतं तसलं तीक्ष्ण मॅलिक आम्ल मोडून सौम्य लॅक्टिक आम्ल केलेलं असतं. त्यात डायअसिटिल नावाचं द्रव्य तयार होतं आणि त्याचा वास लोण्यासारखा येतो. हे वाचून कितपत लक्षात राहील? पण पहिला ग्लास हुंगून लगेच दुसरा हुंगलात की फरक असा समोर येतो की पुन्हा विसरत नाही. द्राक्ष तेच, बाकी सगळं माणसाने केलेलं. तुरटपणाचंही तसंच. पिनो न्वार ही कमी तुरट आणि काबर्ने सोव्हिन्यों ही जास्त तुरट रेड वाइन लागोपाठ घेतल्या की टॅनिन, म्हणजे तुरटपणा आणणारं द्रव्य, काय असतं हे हिरड्याच सांगतात.

याच तत्त्वावर दोन प्रकारच्या बैठका ठरलेल्या असतात. हॉरिझाँटलमध्ये वर्ष एकच, उत्पादक वेगवेगळे. व्हर्टिकलमध्ये उत्पादक आणि वाइन एकच, वर्षं वेगवेगळी. व्हर्टिकल जमवायला कुणीतरी बाटल्या वर्षानुवर्षं सांभाळून ठेवलेल्या असाव्या लागतात, म्हणून ती क्वचितच होते. जमली तर चुकवू नका. रेड वाइनचा जांभळट रंग हळूहळू विटकरीकडे जातो, टॅनिन मवाळ होतं, ताज्या फळाच्या वासाच्या जागी सुक्या फळाचा, चामड्याचा, ओल्या पाचोळ्याचा वास येतो. एका टेबलावर दहा-पंधरा वर्षांचा काळ हुंगता येणं ही फार थोर गोष्ट आहे.

मला स्वतःला सर्वांत प्रिय बैठक ब्लाइंड टेस्टिंगची. बाटल्या कागदी पिशव्यांत घातलेल्या, वर फक्त आकडे. याची गरज का आहे हे दोन घटनांवरून कळेल. २४ मे १९७६ रोजी स्टीव्हन स्परिअर या ब्रिटिश वाइन व्यापाऱ्याने पॅरिसमध्ये अशी चाखणी घडवली. ज्यांचे गुण धरले गेले ते ९ परीक्षक फ्रेंच आणि या क्षेत्रातले मुरलेले लोक होते, तरी व्हाइट आणि रेड या दोन्ही गटांत पहिला नंबर कॅलिफोर्नियाच्या वाइनला गेला: शातो माँटेलेनाची शार्डने आणि स्टॅग्ज लीप वाइन सेलर्सची काबर्ने, दोन्ही १९७३च्या. दुसरी गोष्ट २००१ साली प्रसिद्ध झालेल्या, फ्रान्समधल्या बोर्दोच्या अभ्यासातली. ५४ विद्यार्थ्यांना व्हाइट वाइन वास नसलेल्या लाल रंगाने रंगवून दिली, तर त्यांनी तिचं वर्णन रेड वाइनला वापरतात त्या शब्दांत केलं. डोळा नाकाला इतका ओढत नेतो. लेबल तर त्याहून पुढची गोष्ट.

चाखण्याची रीत पाच मिनिटांत येते: रंग पाहा, ग्लास फिरवा, हुंगा, छोटा घोट तोंडभर घोळवा, थुंका, लिहा. लिहिण्याची पायरी सोडू नका, आणि शेजाऱ्याने तोंड उघडण्याआधी लिहा. एकाने ‘लिची’ म्हटलं की सगळ्या टेबलाला लिची यायला लागते.

शब्द सुचत नाहीत ही नव्या माणसाची नेहमीची तक्रार. त्यासाठी ॲन नोबल यांनी १९८०च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत केलेलं अरोमा व्हील समोर ठेवा. आतल्या वर्तुळात ‘फळ’, मग ‘लिंबूवर्गीय’, मग ‘ग्रेपफ्रूट’ असं बाहेर सरकत जायचं. आणि इतरांना येतो तो वास तुम्हाला आला नाही तर दबून जाऊ नका. सिराह या द्राक्षाच्या रेड वाइनमधला काळ्या मिरीचा वास रोटंडोन या रेणूमुळे येतो हे २००८ साली दाखवून दिलं गेलं, आणि त्याच संशोधनात साधारण पाचातल्या एकाला तो रेणू जाणवतच नाही असं आढळलं. नाकं खरोखरच वेगळी असतात.

एखाद्या दिवशी बुचाने बिघडलेली बाटली निघते, ओल्या पुठ्ठ्याच्या वासाची. हा टीसीए या संयुगाचा प्रताप. लिटरमागे काही नॅनोग्रॅमही पुरतात. ती बाटली ओतून न देता सगळ्यांना हुंगायला द्यावी. हा दोष एकदा ओळखता आला की पुढे कुठेही ठामपणे बाटली परत करता येते.

थुंकण्याची लाज वाटू देऊ नका, त्यासाठी भांडं ठेवलेलंच असतं. सहा वाइनचे ५० मिली गिळले तर ३०० मिली होतात, म्हणजे बाटलीचे ४० टक्के, आणि तेवढ्यानंतर शेवटच्या ग्लासाबद्दलचं मत धरण्यासारखं राहत नाही. थुंकलं तरी थोडा अल्कोहोल अंगात जातोच, तेव्हा घरी जाताना गाडी दुसऱ्याला चालवू द्या.

क्लब निवडताना एवढं विचारा: ग्लास एकत्र समोर ठेवता की एकामागून एक? बाटल्या झाकता का? बैठक चालवणारा आपलं मत आधी सांगतो की शेवटी? एकत्र, झाकून आणि शेवटी अशी उत्तरं आली तर पुढच्याच बैठकीला नाव द्या. आणि त्या दिवशी अत्तर लावू नका. तुमच्या शेजारी बसलेल्यांनाही ग्लासातलंच हुंगायचं असतं.