पटाभोवतीचे बघे मध्ये का बोलतात?

बाहेरदेशी लोक पटाजवळ गप्प उभे राहतात आणि आपल्याकडे जो तो मध्ये तोंड घालतो, असं का, हा तुमचा प्रश्न. माझा मेहुणा हेच विचारत असतो, म्हणून उत्तर लिहून राहिलो.

मेहुणा काही वर्षं जर्मनीत होता. तिकडे बोर्ड गेमचं मोठं प्रस्थ. १९७९ पासून दर वर्षी वर्षातल्या सर्वोत्तम खेळाला पुरस्कार देतात. आधी नियमपुस्तिका वाचायची, मग खेळायचं, अशी याला सवय लागलेली. ती घेऊन हा आमच्या नागपुरात, महाल भागातल्या ओट्यावर कॅरमला बसला. बल्ब बोर्डावर खाली ओढलेला, बोरिक पावडर टाकलेली, भोवती शेजारचे काका अन् पोट्टे. याची एकच गोटी उरलेली अन् क्वीन अजून मधेच. हा नेम धरतो गोटीवर! काका म्हणाले, "अबे, आधी क्वीन घे, डाव जाईल." याने स्ट्रायकरवरचं बोट उचललं. "काका, प्लीज, मला माझं खेळू द्या." सगळे चूप. मग गोटी अगदी सफाईने भोकात गेली, अन् डावही गेला. तोवर कोणी हूं का चूं केलं नाही.

तर आपल्याकडे बोलतात, कारण शिकणंच तसं आहे. कॅरमचं नियमपुस्तक तुम्ही तरी कधी उघडलं? क्वीनला कव्हर लागतं, फाउलला गोटी परत ठेवायची, हे सगळं मागे उभ्या असलेल्यांच्या आरडाओरडीतूनच कळलं ना?

आणि बाहेरचे सगळे गप्प असतात हेही खोटं. चीनमध्ये त्यांच्या बुद्धिबळाच्या पटावर कित्येकदा छापलेलंच असतं, की डाव गप्प बघतो तो खरा सज्जन. गप्प बसणारे असते तर छापायची गरज काय होती? तिथल्या बागांमध्ये डावाभोवती घोळका करून सल्ले देतातच. मेहुण्याचं म्हणणं, युरोपातला प्रेक्षक सुसंस्कृत. आपल्या नागपूरची बुद्धिबळपटू दिव्या देशमुख २०२४ च्या जानेवारीत नेदरलँड्समध्ये, वाइक आन झीला खेळून आली, तेव्हा तिनेच लिहिलं होतं की प्रेक्षकांचं लक्ष डावापेक्षा तिचे कपडे, केस अन् बोलण्याच्या ढबीवर होतं. पुढच्या वर्षी जॉर्जियातल्या बाटुमीत पोरगी महिला विश्वचषक जिंकली अन् ग्रँडमास्टरही झाली. आमचे काका निदान चाल तरी बघतात.

हो, स्पर्धेत मात्र तोंड बंद. बुद्धिबळात काही गडबड दिसली तरी बघ्याने फक्त पंचाला सांगायचं, खेळाडूला नाही. पैज लागलेली असेल तरी तेच. अन् कॅफेत अनोळखी लोकांच्या डावात नाक खुपसू नका, ते पैसे देऊन बसलेले असतात.

मेहुणा दिवाळीला येऊन राहिला आहे. बोर्ड पुसून ठेवला, काकांनाही सांगून ठेवलं.