व्हिएतनाममध्ये लोकल गाइड घ्यावा की आपलं आपण फिरावं?

आईबाबांना घेऊन व्हिएतनामला निघालाय आणि गाइडवर पैसे खर्च करावेत की मोबाइल बघत फिरावं, असं तुम्ही विचारलंय. गाइड जरूर घ्या. फक्त सगळीकडे नको, आणि उत्तरेतल्या हनोईपासून दक्षिणेतल्या सायगॉनपर्यंत (आताचं हो ची मिन्ह सिटी) एकच नको. या दोन शहरांमधला रेल्वेमार्गच १,७२६ किलोमीटरचा आहे. हनोईच्या माणसाला आपला भाग तोंडपाठ असतो, पण दक्षिणेत तोही पाहुणाच.

एकाच ठिकाणी गाइड परवडणार असेल तर तो मी-सनला घ्या. मध्य व्हिएतनाममधल्या दा नांग शहरापासून साधारण ७० किलोमीटरवर, डोंगरांनी वेढलेल्या या खोऱ्यात चाम लोकांच्या प्राचीन चंपा राज्याची शिवमंदिरं आहेत. चौथ्या शतकात भद्रवर्मन राजाने इथे शिवाची स्थापना केली आणि देवाला स्वतःच्या नावावरून भद्रेश्वर म्हटलं. इथले कित्येक शिलालेख संस्कृतात आहेत. एवढं फलक वाचूनही कळतं.

आमच्या गाइडने मात्र माझ्या सासऱ्यांचा हात धरून भिंतीवर ठेवला आणि दोन विटांमधला सांधा शोधायला सांगितलं. नख शिरेल एवढीही फट सापडेना. मग त्याने नंतर डागडुजी केलेला भाग दाखवला. तिथल्या नव्या विटांवर शेवाळ आणि क्षाराचे पांढरे डाग, आणि शेजारच्या हजारेक वर्षांपूर्वीच्या विटा स्वच्छ लाल. त्या कशाने जोडल्या यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही, झाडाच्या राळेचं नाव बरेच जण घेतात. सासरे स्थापत्य अभियंता, ते तिथून हलायलाच तयार नव्हते.

देवळांच्या मधोमध गवताने भरलेले गोल खड्डे दिसतात, ते बॉम्बचे. व्हिएतनाम युद्धात, १९६९ मध्ये, अमेरिकी विमानांनी हा परिसर भाजून काढला आणि सगळ्यांत भव्य मंदिर जमीनदोस्त झालं. आपल्या पुरातत्त्व खात्याचे लोक गेली काही वर्षं इथे जतनाचं काम करत आले आहेत. २०२० मध्ये त्या कामातच वालुकाश्माचं एक अखंड शिवलिंग सापडलं. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे चाम लोक संपलेले नाहीत. दक्षिणेकडे फान रांगच्या परिसरात ते राहतात, त्यांच्यातले काही आजही जुन्या देवळांत केट नावाचा सण साजरा करतात. जो गाइड हे सांगतो तोच खरा जाणकार. बाकीचे नुसते 'अवशेष' दाखवून पुढे नेतात.

शिवाजी महाराजांपासून प्रेरणा घेऊन व्हिएतनामने अमेरिकेविरुद्धचं युद्ध जिंकलं, हा मेसेज तुम्हालाही आला असेल. त्याला कसलाही पुरावा नाही. मी उत्तरेतल्या गाइडला विचारलं, तेव्हा त्याने असं काही ऐकलं नसल्याचं सांगितलं, पण विषय सोडला नाही. 'हा लाँग' या उपसागराच्या वाटेवर आमची गाडी बाक दांग नदीवरच्या पुलावर होती. १२८८ मध्ये त्रान हुंग दाओ या सेनापतीने याच नदीच्या पात्रात अणकुचीदार ओंडके रोवले, भरतीच्या वेळी मंगोल गलबतांना आत येऊ दिलं आणि ओहोटी लागताच ती ओंडक्यांत अडकली. आपल्या मुलखाचं पाणी कधी चढतं आणि कधी उतरतं हे ओळखून लढलेली ही लढाई. गनिमी काव्यावर वाढलेल्या मराठी माणसाला ती लगेच भिडते. महाराजांचं मोठेपण सिद्ध करायला खोट्या गोष्टीची गरज नाही, असं मला मनापासून वाटतं.

दा नांगजवळच्या होई आन या जुन्या बंदरगावात गाइड नको, तिथल्या गल्ल्यांत मनसोक्त भटका. सायगॉनजवळच्या कू ची इथल्या युद्धकाळातल्या भुयारांना मात्र हवा. शक्यतो वयस्क, दक्षिणेतला शोधा. घरातल्या आठवणी आणि सरकारी माहितीपट यांतला फरक तिथेच कळतो.

ठरवताना गाइडचं सरकारी ओळखपत्र बघा. "मी-सनला किती वेळ देणार?" असं थेट विचारा, तासाभरात उरकतो म्हणाला तर दुसरा बघा. रेशमाच्या आणि मोत्यांच्या दुकानांत थांबायचं नाही, हे आधीच ठरवून घ्या, नाहीतर अर्धा दिवस तिथेच जातो. आईबाबा शाकाहारी असतील तर तेही आधीच सांगा. माशाचा सॉस भाजीतही असतो आणि स्वयंपाकघरात जाऊन त्यांच्या भाषेत बजावणारा माणूस लागतोच. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास बरेच बौद्ध लोक शाकाहार पाळतात, त्या दिवसांत सोय जास्त होते. मी-सनला सकाळी लवकर पोहोचा, उन्हं चढली की आईबाबांना त्या खोऱ्यात चालणं जड जाईल.