सामाईक कॅलेंडरमध्ये कोणाला काय दिसावं?

तुमचा प्रश्न असा आहे: एसी दुरुस्तीच्या पंधरा-वीस जणांच्या व्यवसायासाठी सॉफ्टवेअर बनवून घेताय, त्यात सगळ्यांचं मिळून एकच कॅलेंडर ठेवावं, की ज्याचं त्याचं वेगळं ठेवून मालकाला आणि ऑफिसला सगळं बघू द्यावं? मी अशीच सॉफ्टवेअर बनवतो. माझ्या मते दोन्ही नको.

माणूस मोकळा आहे का, हा एक प्रश्न. तो कशात अडकलाय, हा दुसरा. दुरुस्तीचा कॉल कोणाला द्यायचा ते ठरवणाऱ्या मुलीला पहिल्याचंच उत्तर लागतं. गुरुवारी 2 ते 5 टेक्निशियन मिळणार नाही एवढं कळलं की तिचं काम झालं.

हे मी एका ग्राहकाकडे शिकलो. तिथल्या अकाउंट्सच्या ताईंनी एक आड एक गुरुवारी 'आईची केमो' अशी नोंद करून ती खाजगी ठेवली होती. महिन्याच्या पानावर आम्ही ती नीट झाकली होती, इतरांना नुसती करडी पट्टी दिसायची. पण त्याच वेळेला कोणी मीटिंग लावायला गेलं की लाल अक्षरांत सूचना यायची: 'या वेळी आईची केमो आहे, दुसरी वेळ निवडा.' ताईंनी ऑफिसात कोणालाच सांगितलं नव्हतं. एका सकाळी एकाने आपुलकीने आईची चौकशी केली, तेव्हा त्यांना कळलं की सगळ्यांना माहीत आहे. चूक आमची होती, आणि त्यांचा त्या दिवशीचा फोन मी विसरलेलो नाही.

तेव्हापासून परवानगीची तपासणी मी सर्व्हरवर, एकाच जागी ठेवतो. ज्याला शीर्षक बघायचा हक्क नाही, त्याच्या ब्राउझरपर्यंत ते पोचताच कामा नये. कॅलेंडरचं पान, शोध, आठवणीचा मेसेज, एक्सेल रिपोर्ट, मोबाइल अ‍ॅप, सगळं त्याच गाळणीतून जायला हवं. स्क्रीनवर झाकणं म्हणजे लपवणं नव्हे.

परवानगीच्या पायऱ्या फार करू नका. गूगल कॅलेंडरमध्ये वर्षानुवर्षं चारच होत्या: फक्त मोकळा की व्यग्र, सगळा तपशील, नोंदी बदलणं, आणि बदलण्याबरोबर इतरांना परवानगी देणं. तुम्हाला तेवढ्या पुरतात. त्यावर प्रत्येक नोंदीला खाजगीची खूण हवी, आणि ती मालकाच्या परवानगीलाही वरचढ हवी. इथे बरेच मालक अडतात, "पगार मी देतो, मला सगळं दिसायला हवं" म्हणतात. कामाचं सगळं दिसू द्या. डॉक्टरची वेळ हे काम नाही. कॅलेंडरच्या देवाणघेवाणीचं जे मानक आहे, आयकॅलेंडर, त्यातही नोंद खाजगी आहे का आणि ती वेळ अडवते का, यासाठी दोन वेगळे रकाने आहेत. तुमच्या डेटाबेसमध्येही ते वेगळेच ठेवा.

कॉलच्या नोंदी मात्र माणसाच्या मालकीच्या करू नका. टेक्निशियन नोकरी सोडून गेला, त्याचं लॉगिन बंद केलं आणि पुढच्या सहा महिन्यांच्या एएमसी (वार्षिक देखभाल करार) व्हिजिट त्याच्याबरोबर गेल्या, हे मी पाहिलंय. नोंद कंपनीची, माणूस तिला जोडलेला. तो बदलला की फक्त जोडणी बदलायची.

फोनच्या कॅलेंडरमध्ये दिसावं म्हणून जी लिंक देतात, तिला सहसा लॉगिन लागत नाही. ती ज्याच्या हाती पडेल त्याला सगळं दिसतं. म्हणून प्रत्येकाला वेगळी लिंक द्या आणि माणूस गेला त्याच दिवशी ती रद्द करता येईल अशी सोय मागा.

सॉफ्टवेअर ताब्यात घेताना डेव्हलपरला शेजारी बसवा. एका लॉगिनने 'दाताचा डॉक्टर' अशी खाजगी नोंद करा. दुसऱ्या लॉगिनने शोधात 'दात' टाका, मग त्याच वेळेला मीटिंग लावून बघा, मग रिपोर्ट काढा. कुठेही दात दिसला तर शेवटचा हप्ता देऊ नका.