पियानोचे स्केल्स (म्हणजे सुरांचे आरोह-अवरोह) अगदी पहिल्यापासून शिकायचेत, पुस्तक घेऊ का यूट्यूब पुरेल?

मी पण हेच विचारत फिरायचो. सहा महिने नुसत्या प्लेलिस्ट सेव्ह केल्या, फोनमध्ये चार अ‍ॅप टाकले आणि कीबोर्डवर धूळ. खरं तर लागतं फार थोडं.

हॅननचं १८७३ चं व्यायामांचं पुस्तक आयएमएसएलपी साइटवर फुकट मिळतं, त्यातला ३९ नंबरचा व्यायाम काढा, सगळी मेजर-मायनर (स्केलचे दोन मुख्य प्रकार) स्केल्स आहेत आणि कुठलं बोट कुठे ते आकड्यात छापलंय, अंगठा १ ते करंगळी ५. मी तेवढीच पानं झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट करून स्टँडला चिकटवली. बाकीचं पुस्तक आत्ता उघडूच नका, कंटाळून सोडाल. नोटेशन, म्हणजे सुरांची लिपी, वाचता येत नसेल तर म्युझिकथिअरी डॉट नेटचे सुरुवातीचे धडे करा, तेही फुकट. यूट्यूब फक्त हात कसा फिरतो ते बघायला.

कारण सगळी गंमत बोटांत आहे. सूर तर आपल्याला येतातच, सी मेजर म्हणजे सी ला सा धरून आपला बिलावल थाट, सगळे शुद्ध सूर. (पेटीवाले काळी एक म्हणतात ते सी शार्प, पांढरी चार म्हणजे एफ.) उजव्या हाताने सा रे ग १-२-३ झालं की अंगठा तळहाताखालून सरकवून म वर, मग २-३-४-५. अंगठा आधीपासूनच खाली सरकायला लागला पाहिजे, आयत्या वेळी कोपर उचललं की ग आणि म मध्ये गचका बसतो. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत खालच्या आजींनी एकदा जिन्यात विचारलं, "काय रे, ग च्या पुढे गाडी जात नाही का?" दुसऱ्या दिवशी हेडफोन आणला.

डाव्या हाताचं वेगळंच, मी पेटीवाला असल्याने तो जन्मभर भाताच मारत आला होता. त्याला ५-४-३-२-१ करत प वर अंगठा येतो, मग मधलं बोट त्याच्यावरून ध वर टाकायचं. दोन्ही हात एकत्र करताना मला एका गोष्टीने सुटका मिळाली, दोन्ही अंगठे मधल्या सी वर (कीबोर्डच्या मध्याजवळचा सी) ठेवून हात विरुद्ध दिशांना न्यायचे, बोटं दोन्हीकडे एकदमच बदलतात. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० वर, एका ठोक्याला एकच सूर.

सी मेजर बसलं की जी मेजर, मग एफ मेजर. पण एफला उजव्या हाताचा अंगठा चौथ्या बोटानंतर येतो, तिसऱ्यानंतर नाही, तिथे मी महिनाभर चुकीचंच घोकलं होतं.