नॅसवर 800 जीबीचा बॅकअप घ्यायला दोन दिवस का लागतात?

तुम्ही लिहिलंय की विंडोज 11 चा लॅपटॉप वायरने राउटरला जोडलाय, नॅस (म्हणजे नेटवर्कवर लावलेला डिस्कचा डबा) पण त्याच राउटरला, डेटा 800 जीबी, स्पीड सेकंदाला 11 एमबीच्या वर जातच नाही, दोन दिवस झाले तरी पहिला बॅकअप पुरा होत नाही आणि नेटचा प्लॅन 100 वरून 300 चा केला तरी फरक शून्य, मग आता नवीन नॅस घेऊ का. अजिबात घेऊ नका एवढ्यात. तो 11 चा आकडाच सगळी चुगली करतोय.

आधी प्लॅनचं सांगतो, पैसे वाया गेले तुमचे. लॅपटॉप ते नॅस हा प्रवास घरातल्या घरात असतो, डेटा इंटरनेटवर जातच नाही, नेट बंद करून बघा, बॅकअप तसाच चालू राहील. आता 11 का? प्लॅनमधले असोत की वायरीचे, 100 म्हणजे मेगाबिट, कॉपी करताना दिसतात ते मेगाबाइट, आठाने भागा, साडेबारा येतात, त्यातून डेटासोबत जाणाऱ्या पत्त्यांचा वगैरे वरचा खर्च वजा जाता 11 च्या आसपास उरतात. म्हणजे तुमच्या वाटेत कुठेतरी एक तुकडा 100 वर अडकलाय. गिगाबिटवर, म्हणजे 1000 मेगाबिटवर, हाच आकडा 110 च्या आसपास दिसायला पाहिजे. वायफायचा घोळ असता तर आकडा वरखाली नाचला असता, तुमचा एका रेषेत 11 आहे म्हणजे वायर, पोर्ट नाहीतर डोंगल (लॅनची वायर यूएसबीला जोडायचा अडॅप्टर).

सेटिंग्जमध्ये नेटवर्कमध्ये जाऊन इथरनेट उघडा, तिथे लिंक स्पीड दिसतो. 100/100 असेल तर गडबड लॅपटॉपच्या बाजूला, 1000/1000 असेल तर नॅसच्या सेटिंगमध्ये जाऊन तिकडचा आकडा बघा, कारण लॅपटॉपला फक्त स्वतःपासून राउटरपर्यंतचंच कळतं, पलीकडचं नाही.

आमच्या दाजींच्या फोटो स्टुडिओत हेच झालं होतं. मी राउटर बदलला, डिस्क बदलली, दोन रविवार घालवले, बहिणीची बोलणी खाल्ली ती वेगळीच. शेवटी भिंतीतला सॉकेट उघडला तर वायरिंगवाल्याने एकाच केबलमधून दोन कनेक्शन काढलेली, नारिंगी-हिरव्या चार तारा कॉम्प्युटरला आणि निळ्या-तपकिरी चार बाजूच्या टेबलाला! 100 ला चार तारा पुरतात त्यामुळे सगळं चालू दिसतं, कोणाला संशयच येत नाही, पण गिगाबिटला आठही लागतात. एखादी तार टोकाच्या पिनेत नीट दाबून बसली (क्रिंप झाली) नसेल तरी हेच होतं. म्हणून पहिल्यांदा कंपनीची तयार पॅच केबल (दोन्ही टोकांना पिना लावूनच येते ती) थेट लावून बघा, भिंतीतली वायर बाजूला ठेवून.

तरीही 100 च दाखवत असेल तर राउटर बघा. फायबरवाले देतात त्या बऱ्याच डब्यांत एकच पोर्ट गिगाबिट असतो आणि बाकीचे 100 चे. हजार-दीड हजारात पाच पोर्टचा गिगाबिट स्विच (लॅनच्या वायरी एकत्र जोडायचा डबा) मिळतो, लॅपटॉप आणि नॅस दोन्ही त्याला लावा आणि त्यातून एक वायर राउटरला, झालं. आणि लॅपटॉपला लॅनसाठी यूएसबी डोंगल वापरत असाल तर तो पण तपासा, जुने डोंगल 100 चेच असतात.

आता दुसरी गोष्ट. 800 जीबी 11 च्या स्पीडने म्हणजे साधारण 20 तास. तुमचे दोन दिवस झाले. मग उरलेले तास कोण खातंय?

एक तर लॅपटॉप रात्री झोपत असणार. चार्जिंगला असताना स्लीप कधीच नको असं सेट करा, झाकणही उघडंच ठेवा. दुसरं म्हणजे बारीक फाइल्स. एक पाच जीबीचा व्हिडिओ सरळ वाहत जातो, पण पाच जीबीच्या दोन लाख फाइल्स असतील तर प्रत्येकीसाठी उघड, लिही, वेळ नोंद, बंद कर असं लॅपटॉप आणि नॅसचं बोलणं होतं, आणि जोडीला अँटिव्हायरस प्रत्येकीला दारात उभं करून झडती घेतो. दाजींकडे लग्नाच्या रॉ फाइल्स (कॅमेऱ्याचे मूळ मोठे फोटो) भराभर जायच्या आणि लाइटरूम या फोटोंच्या सॉफ्टवेअरच्या प्रिव्ह्यूच्या फोल्डरपाशी आलं की स्पीड केबीवर. ते प्रिव्ह्यू मूळ फोटोंवरून परत बनतात, म्हणून तो फोल्डर बॅकअपमधून काढून टाकला. ब्राउझरची कॅश, टेंप (तात्पुरत्या फाइल्स) पण बॅकअपमधून काढा. अँटिव्हायरस बंद करू नका बरं, फक्त बॅकअपच्या प्रोग्रामला त्यात सूट द्या.

हे सगळं करून सुरुवातीला 110 मिळाले आणि काही वेळाने धपकन 20-30 वर आले, तर मात्र नॅसमधली डिस्क बघा. एसएमआर नावाचा प्रकार असतो, त्यात ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, मधलं एक कौल बदलायचं तर शेजारची उचलावी लागतात, तसं मधलं काही लिहायचं तर शेजारचं परत लिहावं लागतं. अशी डिस्क थोडा डेटा पटकन घेते कारण आधी एका मोकळ्या पट्टीत टाकते, ती भरली की दम लागतो. 2020 मध्ये नॅससाठी म्हणून विकलेल्या काही डिस्कही न सांगता या प्रकारच्या निघाल्या होत्या, त्यामुळे नावावर जाऊ नका, मॉडेल नंबर टाकून शोधा. तसली निघाली तरी लगेच फेकायची गरज नाही, पहिला बॅकअप रडतखडत होऊ द्या, पुढे फक्त बदललेलंच जातं, दाजींचं आता रोजचं काम चहा होईपर्यंत उरकतं.

तर आज एवढंच करा, एक पाच जीबीची फाइल कॉपी करायला लावा. साडेसात मिनिटं लागली तर वायर, पाऊण मिनिटात गेली तर वायर ठीक आहे, मग बारीक फाइल्सच्या मागे लागा.