पहाटेचा दोष दुपारी सापडत नाही

प्रश्न : नमस्कार काका. माझ्याकडे १९९४ ची एमएम ५४० जीप आहे, प्यूजो डिझेल इंजिनची. थंडीत पहाटे पाचला द्राक्षबागेवर जावं लागतं आणि नेमकी तेव्हाच ती अडते. सेल्फ जोरात फिरतो, मागून पांढरा धूर येतो, डोळे चुरचुरतात, पण इंजिन पकडत नाही. पाच-सहा वेळा सेल्फ मारल्यावर थरथरत चालू होते. मिनिटभर तीनच सिलिंडरवर चालल्यासारखी हलते, मग सुरळीत. दुपारी मात्र अर्ध्या सेल्फला चालू. गॅरेजवाले म्हणतात डिझेल पंप उघडावा लागेल. सध्या एअर फिल्टरच्या नळीत स्टार्टिंग स्प्रे मारून वेळ भागवतो. पंप उघडू का?
— एक बागायतदार, निफाड तालुका

उत्तर : पंप उघडू नका. आणि त्याआधी तो स्प्रे बंद करा, उद्या पहाटेपासूनच. त्यात ईथर असतं. तुमच्या इंजिनाला हीटर प्लग, म्हणजे थंडीत आतून ऊब देणारे विजेचे प्लग आहेत आणि त्यांतला एखादा जरी लाल झालेला असला, तर पिस्टन वर येण्याआधीच ईथर भडकतं. वर येणाऱ्या पिस्टनच्या डोक्यावर तो घणाचा घाव असतो. माझ्याकडे अशी एक जीप आली होती, मालकानं दोन हिवाळे स्प्रेवर काढलेली. हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उतरवलं तर एका पिस्टनची दोन रिंगांमधली कड तुटून पडलेली आणि लायनरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, उभे ओरखडे. तिचा मूळ दोष होता दोन जळालेले हीटर. एवढ्याशा कारणापायी त्या माणसाचं इंजिन बोअरला, म्हणजे सिलिंडर घासून घ्यायला गेलं, हे मला आजही लागतं. पेटता बोळा नळीपाशी धरणारेही आहेत. तेही करू नका.

आता तुमच्या गॅरेजविषयी. तुम्ही जीप चालवत तिथं नेली असणार, अकरा-साडेअकराला. इंजिन गरम, ऊन वर आलेलं. मिस्त्रीनं सेल्फ मारला, गाडी लगेच चालू झाली. त्याला दोष दिसलाच नाही, मग तो अंदाजानं पंपावर गेला. चौतीस वर्षं मी डिझेलचं काम केलं. थंड गाडीची तक्रार घेऊन कुणी आलं की मी गाडी रात्रभर उघड्यावर ठेवून घ्यायचो आणि पहाटे स्वतः सेल्फ मारायचो. तुमचा मिस्त्री तयार नसेल तर ते पहाटेचं काम तुम्हीच करा. पत्रात तुम्ही अर्धं केलंच आहे, आणि फार नीट केलं आहे.

सेल्फ जोरात फिरतो म्हणालात. म्हणजे बॅटरी, सेल्फ आणि अर्थिंगची पट्टी बऱ्यापैकी ठीक असावी. खात्री हवी असेल तर सेल्फ फिरत असताना बॅटरीच्या टोकांना मीटर लावा. साडेनऊ व्होल्टच्या खाली जाता कामा नये. पांढरा धूर येतो म्हणालात. तो धूर म्हणजे न जळलेल्या डिझेलची वाफ, म्हणून तर डोळे झोंबतात. डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतंय, पंप ते पाठवतोय. कमी पडतेय ती ऊब.

तुमच्या २११२ सीसीच्या इंजिनात डिझेल सरळ पिस्टनवर पडत नाही. हेडमध्ये प्रत्येक सिलिंडरला एक छोटी गोल कोठडी आहे, तिथं ते फवारलं जातं. हवा दाबली की तापते हे खरं, पण पहाटेच्या पाच-सहा अंशांत त्या कोठडीच्या थंडगार भिंती ती ऊब शोषून घेतात. म्हणून तिथं हीटर दिलेला आहे. दुपारी भिंती कोमट असतात, त्यामुळे मेलेला हीटरही खपून जातो.

पहिली तपासणी अशी. पहाटे हेडलाइट भिंतीवर पाडा आणि हीटरची किल्ली फिरवा. चार हीटर मिळून सुरुवातीला चाळीस अँपिअरच्या वर ओढतात, उजेड थोडा तरी बसलाच पाहिजे. अजिबात फरक नाही? मग करंट हीटरपर्यंत जातच नाही. रिले, फ्यूज आणि जाड वायरीचं टोक बघा. उजेड बसला तरी चारही जिवंत आहेत असं मात्र धरू नका. हीटरना जोडणारी पट्टी काढा. टेस्ट लॅम्पचा चिमटा बॅटरीच्या प्लसला लावा आणि टोक एकेका हीटरच्या बोल्टाला टेकवा. दिवा लागला नाही तो हीटर मेला. दिवा लागला तर आतली तार शाबूत आहे इतकंच कळतं; टोक लाल होतं की नाही, ते हीटर बाहेर काढूनच कळेल. आधी हीटरवर छापलेला व्होल्टचा आकडा वाचा. बारासाठीचाच असेल तर सांडशीत घट्ट धरून दहा सेकंद बॅटरीवर लावा. लाली टोकाकडून यायला हवी. एक सांभाळा : हीटर थंड इंजिनातून ओढून काढू नका. आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल सोडा आणि इंजिन कोमट असताना हलक्या हातानं फिरवा. हेडमध्ये मोडला तर हेडच उतरवावं लागेल.

थरथरत चालू होते त्या पहिल्या अर्ध्या मिनिटात आणखी एक काम होतं. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या चारही तोंडांवर पाण्याचा एकेक थेंब टाका. तीन ठिकाणी थेंब लगेच सुकेल, एका ठिकाणी तसाच बसून राहील. तो सिलिंडर अजून पेटलेला नाही. तिथला हीटर मेलेला निघाला तर विषय मिटला. चारही एकाच वेळी नवे टाका, बाकीचेही त्याच वयाचे आहेत. तिथला हीटर चांगला निघाला, तर त्या सिलिंडरचा डिझेल फवारणारा नोझल काढून फवारा बघून घ्या, मग टॅपेट म्हणजे व्हॉल्व्हची फट, आणि शेवटी कॉम्प्रेशन म्हणजे सिलिंडरमधला दाब. त्यासाठी डिझेलचाच गेज हवा, पेट्रोल गाडीचा लावला तर फुटेल.

ड्रममध्ये उन्हाळ्यात भरलेलं डिझेल शिल्लक असेल तर ते आत्ता जीपमध्ये ओतू नका. उन्हाळी डिझेलला गोठणाऱ्या मेणानं फिल्टर तुंबण्याची मर्यादा १८ अंशांपर्यंत चालते, हिवाळीला ती ६ अंशांपर्यंत असते. जुन्या डिझेलमधलं मेण निफाडच्या थंडीत फिल्टरवर साचतं. तुमची लक्षणं त्याची नाहीत, पण एका दोषात दुसऱ्याची भर नको.

प्रश्न : अकोले तालुक्यात भाजीपाल्याची वाहतूक करतो. पिकअप जुनी आहे, डायरेक्ट इंजेक्शनची, म्हणजे डिझेल सरळ पिस्टनवर पडणारी. सकाळी सेल्फ मारत राहतो, धूर अजिबात नाही. फिल्टरजवळचा हँड पंप वीस-पंचवीस वेळा मारला की चालू. घराच्या उतारावर तोंड खाली करून लावली तर त्रास होत नाही. डिझेल कुठंही गळत नाही. हीटर बसवून घेऊ का?
— पिकअपचालक, अकोले

उत्तर : हीटर नको. धूरच नाही, म्हणजे डिझेल पोचलेलंच नाही. तुमच्या पिकअपमध्ये टाकी मागे आहे. तोंड खाली असलं की टाकी इंजिनापेक्षा वर येते, म्हणून रात्रीत डिझेल मागे उतरत नाही. सपाटीवर ते टाकीकडे परततं आणि त्याच्या जागी हवा शिरते. टाकी ते पंप या भागात इंजिन डिझेल ओढून घेतं, ढकलत नाही. म्हणून इथली फट गळत नाही, ती हवा घेते. डाग शोधत बसलात तर वर्ष जाईल.

मोठ्या पंपाच्या, म्हणजे नोझलना डिझेल पाठवणाऱ्या पंपाच्या अलीकडे वीतभर पारदर्शक नळी जोडा आणि इंजिन चालू असताना बुडबुडे बघा. बुडबुडे दिसले की मागे सरकत चला : फिल्टरच्या झाकणाचं रबर, बँजो बोल्टांचे (नळ्या जोडणाऱ्या पोकळ बोल्टांचे) तांब्याचे वॉशर, हँड पंपाच्या दांड्याचं सील, क्लिपखाली चिरलेली रबरी नळी, टाकीतून निघणारा पाइप. तरी सापडलं नाही तर बॉनेटजवळ खाली, टाकीच्याच उंचीवर, डिझेलचा स्वच्छ कॅन ठेवा, त्याची नळी थेट फिल्टरच्या तोंडाला द्या आणि गाडी सपाटीवर रात्रभर ठेवा. सकाळी पहिल्या सेल्फला चालू झाली तर दोष टाकी ते फिल्टर यांच्यामध्येच आहे. मग ती सगळी रबरी नळी एकदाच बदला, डिझेलसाठीचीच घ्या. पाण्याची साधी नळी कुणी कितीही स्वस्तात दिली तरी लावू नका, ती दोन-चार महिन्यांत फुगून मऊ पडते.