४० हजारांत घरासाठी कोणता ट्यूब अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा?

कोथरूडच्या फ्लॅटमध्ये दहा बाय बाराची खोली, ऐकायचं शास्त्रीय, स्पीकर ८६ डेसिबलचे. मग ३ वॅटचा छोटा ट्यूब अ‍ॅम्प चालेल का, असं तुम्ही विचारलंय. या स्पीकरवर नको.

८६ डेसिबल म्हणजे १ वॅट दिल्यावर १ मीटरवर मिळणारा आवाज. ९२ च्या स्पीकरला तेवढ्याच आवाजासाठी चौथा हिस्सा पॉवर पुरते. म्हणजे तिथे ३ वॅट जे करतात, त्याला तुमच्याकडे १२ लागतील. आलापीपर्यंत ३ वॅट फार गोड वाटतात. द्रुत सुरू झाली, तबला चढला, की डग्ग्याचा घुमारा फाटतो. ऐकवत नाही.

म्हणून ईएल८४ व्हॉल्व्हचा (ट्यूबलाच व्हॉल्व्ह म्हणतात) पुश-पुल अ‍ॅम्प बघा, म्हणजे डाव्या-उजव्या दर चॅनलला जोडीने काम करणारे दोन व्हॉल्व्ह, १२ ते १५ वॅट. हे व्हॉल्व्ह आजही नवे बनतात आणि त्यातल्या त्यात स्वस्त पडतात. तुमच्या पैशांत नवा नाही बसला तर चांगला वापरलेला घ्या.

एका गोष्टीत मी फसलो, ते सांगतो. ऑनलाइन घेतलेला माझा पहिला अ‍ॅम्प अंधारात सुंदर दिसायचा. आठवड्याने झाकण उघडलं, तर व्हॉल्व्हच्या बुडाशी नारिंगी एलईडी! दोन व्हॉल्व्ह नुसते प्रीअ‍ॅम्पला, म्हणजे सुरुवातीच्या हलक्या सिग्नलला; स्पीकर चालवत होती क्लास डीची, म्हणजे ट्रान्झिस्टरवाली चिप. आवाज वाईट नव्हता, पण ज्यासाठी पैसे मोजले ते त्यात नव्हतंच.

तेव्हा आधी उचलून बघा. खऱ्या स्टीरिओ ट्यूब अ‍ॅम्पमध्ये साधारण तीन ट्रान्सफॉर्मर असतात: एक पॉवरचा, दोन आउटपुटचे. हात भरून येईल इतकं वजन लागतं. आउटपुट ट्रान्सफॉर्मरचं लोखंड कमी असेल, तर खर्ज पोकळ येतो, मग व्हॉल्व्ह कितीही भारी लावा.

परदेशातून आणलेला असेल तर मागे २३० व्होल्ट लिहिलंय का, तेही पाहा. स्पीकर न जोडता चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आत ३०० व्होल्टच्या आसपास डीसी असतो आणि बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये राहतो, त्यामुळे माहिती नसेल तर झाकण उघडू नका.

ऐकायला जाताना स्वतःचे स्पीकर रिक्षात घालून न्या. अ‍ॅम्प अर्धा तास तापू द्या, मग गाणं थांबवून कान स्पीकरला लावा. फूटभर अंतरावरूनही गुणगुण ऐकू आली तर तो अ‍ॅम्प तिथेच सोडा. रात्री तानपुऱ्याच्या मागे तीच ऐकू येत राहते.